शब्दखेळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे. अमुक अक्षर असलेला शब्द हवा आहे आणि तो सापडत नाही. बऱ्याचदा शब्द ठाऊक असतो, पण अक्षरे मोजण्यात चूक होते, नाहीतर शोध भलत्या टोकाकडून सुरू झालेला असतो. म्हणून मोजणीचा प्रश्न आधी घेतला आहे.

प्रश्न : शब्दकोड्यात 'षट्कार' या शब्दाला तीनच चौकोन दिले होते. 'ट'चा पाय मोडलेला डोळ्यांना स्पष्ट दिसतो, मग त्याला वेगळा चौकोन का नाही? (सोलापूर)

उत्तर : चौकोनात अक्षर बसते, सुटा वर्ण नाही. पाय मोडलेल्या 'ट्'ला स्वतःचा स्वर नाही, तो पुढच्या 'का'च्या आधाराने उभा राहतो. म्हणून ष, ट्का, र असे तीन चौकोन. जोडाक्षर एकाखाली एक छापले की पाय मोडून शेजारी शेजारी, हा टंकाचा भाग आहे, मोजणीशी त्याचा संबंध नाही. 'वाङ्मय' तीन (वा, ङ्म, य) आणि 'उद्घाटन' चार (उ, द्घा, ट, न).

लिहिलेले स्वर मोजा, म्हणजे चुकणार नाही. 'लिहिलेले' म्हणण्याचे कारण असे की बोलताना आपण शेवटचा 'अ' गिळतो. 'घर' एका झटक्यात उच्चारला जातो, तरी चौकोन दोनच. रफाराचेही तसेच. बोलताना 'सूर्' आणि 'य' असा तुकडा पडतो, पण चौकोनात मात्र सू आणि र्य. अनुस्वार आणि विसर्ग यांना स्वतःचा चौकोन मिळत नाही, त्यामुळे 'दुःख' दोन, 'पंढरपूर' पाच आणि 'अंतःकरण'ही पाच. 'स्त्री' एका चौकोनात मावते, 'ज्योत्स्ना' दोन चौकोनांत, 'स्वातंत्र्य' तीन चौकोनांत. 'संपूर्णता' या अर्थाच्या 'कार्त्स्न्य' शब्दात दुसऱ्या चौकोनात पाच व्यंजने दाटलेली आहेत, तरी चौकोन दोनच.

प्रश्न : चार चौकोनांचा आडवा शब्द आहे, सूचना 'कुळातल्या पिढ्यांची नोंद'. शेवटी 'वळ' नक्की आहे. पहिले अक्षर 'व', कारण तिथून सुरू होणाऱ्या तीन अक्षरी उभ्या शब्दाची सूचना 'नमस्कार' आहे आणि तिथे 'वदन' भरले आहे. 'वळवळ'शिवाय काही बसत नाही आणि तो तर अर्थाला जुळत नाही. (रत्नागिरी)

उत्तर : नमस्कार म्हणजे वंदन. वदन म्हणजे तोंड. अनुस्वाराला चौकोन नसतो, पण म्हणून तो गाळता येत नाही. 'व' आणि 'वं' ही दोन वेगळी अक्षरे आहेत. पहिल्या चौकोनात 'वं' आले की आडवा शब्द 'वंशावळ' हे लगेच दिसते.

तरीही हा शब्द चुकीच्या अक्षरासकट कसा शोधता आला असता, ते सांगणे उपयोगाचे आहे. शेवट माहीत असताना शब्दकोश चाळण्यात वेळ जातो, कारण कोश पहिल्या अक्षरावर लावलेला असतो. अशा वेळी मराठीत 'वळ' कोणकोणत्या वाटांनी येते ते आठवायचे. एक वाट नादाच्या आणि हालचालीच्या दुहेरी शब्दांची : वळवळ, चळवळ. दुसरी संस्कृत 'आवली' म्हणजे ओळ, रांग. तिची मराठीत 'आवळ' झाली : पत्रावळ, प्रभावळ, नामावळ, वंशावळ. तिसरी वाट सुट्या शब्दांची : हिरवळ, दरवळ. त्यात गावाचे नाव चालत असेल तर भुसावळ. खानावळही याच मापाची आहे, पण ती 'खाणावळ' अशीही लिहितात, म्हणून दुसरा चौकोन आडव्या-उभ्यात पक्का होईपर्यंत तो शब्द शाईने भरू नका.

एवढी यादी झाली की सूचनेकडे पाहा. नोंद, रांग, परंपरा असा अर्थ आला की 'आवली'ची वाट धरायची. अंगाची हालचाल असेल तर दुहेरी शब्दांची. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे साच्यात एकच शब्द बसतो आणि तो सूचनेशी जुळत नाही असे दिसले, तर सूचना चुकली असे धरू नका. छेदणाऱ्या शब्दावर संशय घ्या. शिसपेनने भरताना आधी नुसते व्यंजन लिहावे आणि काना, मात्रा, अनुस्वार दोन्ही शब्द जमल्यावर द्यावेत. नुसता 'व - व ळ' असा सांगाडा समोर असता, तर अनुस्वाराची शक्यता आपोआप सुचली असती.

प्रश्न : आमच्या खेळात पाच मिनिटांत 'ण' असलेले जास्तीत जास्त शब्द लिहायचे असतात. 'करणे, जाणे' अशी क्रियापदे बाद. वीस-बाविसाच्या पुढे गाडी जात नाही. (नागपूर)

उत्तर : एकेक शब्द आठवत बसण्यापेक्षा एकेक प्रत्यय घ्या आणि तो पिळून काढा. शेतातली कामे घ्या : नांगरणी, पेरणी, लावणी, कोळपणी, खुरपणी, कापणी, मळणी, वेचणी, छाटणी, उफणणी. शेवटच्या शब्दात तर 'ण' दोनदा आहे. मग स्त्रीलिंगी 'ईण' : मैत्रीण, वाघीण, मालकीण, विहीण, माळीण, पाटलीण. मग 'वण' : आठवण, शिकवण, साठवण, पाठवण. मग 'पण' : बालपण, मोठेपण, शहाणपण. चार प्रत्ययांतच पंचवीसच्या आसपास शब्द झाले.

त्यानंतर मनाने स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा. किसणी, गाळणी, फोडणी, चटणी, लोणी, लोणचे, कणीक, वरण, पुरण, सारण. इथे एक खड्डा आहे. करंजीच्या पिठात घालतात ते कडकडीत तेलाचे 'मोहन', त्यात न आहे. पुरण-सारणाच्या ओघात हात 'मोहण' लिहून जातो.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द नियमाने सापडतात. त्याच शब्दात आधी र, ऋ किंवा ष असेल तर पुढच्या 'न'चा 'ण' होतो : कारण, किरण, तृण, भाषण, लक्षण, अर्पण, ग्रहण, श्रवण, रामायण. मध्ये स्वर, क-वर्ग, प-वर्ग, य, व, ह आले तर चालते. पण च, ट, त यांच्या वर्गातले अक्षर किंवा श, स मध्ये आडवे आले की बदल अडतो. म्हणून दर्शन, कीर्तन, वर्तन, प्रार्थना यांत न राहतो. घाईत 'दर्शण' लिहून गुण घालवणारे कमी नसतात.

फारसी-अरबी शब्दांना हा नियम लागू नाही. फर्मान, परवाना, कारखाना यांत र असून न आहे. हैराण आणि कुराण मात्र मराठीत येताना 'ण' घेऊन बसले, ते दोन्ही पाठच करून ठेवा.

प्रश्न : 'ळ'साठी अशी काही युक्ती आहे का? (बेळगाव)

उत्तर : आहे, आणि 'ण'पेक्षा सोपी आहे. संस्कृत शब्दात दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'ल' असेल तर मराठी रूपात तो बहुधा 'ळ' होतो : फल-फळ, कमल-कमळ, मूल-मूळ, बाल-बाळ, नारिकेल-नारळ. जिथे मुळात जोडाक्षर होते तिथे ल टिकला. म्हणून वेळ या अर्थाचा 'काल' आपल्याकडे 'काळ' झाला, पण 'कल्य'पासून आलेला, आजच्या आदल्या दिवसाचा 'काल' तसाच राहिला. माल, दलाल, रुमाल, महाल, वकील ही बाहेरून आलेली मंडळी ल सोडत नाहीत.

प्रत्ययांत 'आळ' आणि 'आळू' घ्या : रसाळ, मधाळ, खडकाळ, डोंगराळ, वाचाळ, दुधाळ, मायाळू, झोपाळू, विसराळू, लाजाळू. ऋतू तिन्ही हाताशी आहेतच : पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. दोन 'ळ' लागत असतील तर खळखळ, सळसळ, तळमळ, हळहळ, जळजळ, मळमळ.

प्रश्न : सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी शब्दकोडे रचते आहे. आडवा 'गुरू' आणि उभा 'रुमाल' एकाच 'रु'वर छेदले तर चालेल का? काही जण चालेल म्हणतात. (ठाणे)

उत्तर : चालवू नका. सोडवणाऱ्याने एक उकार लिहायचा की दुसरा? तुमच्या चौकटीत एक शब्द अशुद्धच लिहावा लागेल. 'रुमाल' काढून 'रूपक' किंवा 'रूढी' घाला, प्रश्न मिटला. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ असतात. 'आणि', 'परंतु', 'तथापि' असे थोडे अपवाद सोडले तर शेवटच्या चौकोनात ऱ्हस्व वेलांटी येतच नाही. त्यामुळे शेवटच्या अक्षरावर छेद देताना उभा शब्द दीर्घाने सुरू होणारा निवडायचा. 'कवी'च्या खाली 'विहीर' नको, 'वीणा', 'वीट' किंवा 'वीज' हवी. उलट 'गुरुकुल', 'कविराज' अशा समासांत मधले अक्षर ऱ्हस्व असते, तेव्हा तिथे 'रुमाल' आणि 'विहीर' बिनधास्त लटकवा.

अनुस्वाराचा दुसरा सापळा याहून वाईट, कारण तो दोन चौकोन बिघडवतो. 'वेदांत' म्हणजे वेदांमध्ये. तत्त्वज्ञान या अर्थाने लिहायचे तर 'वेदान्त'. दोन्ही तीन चौकोनांचेच, पण एकात वे, दां, त आणि दुसऱ्यात वे, दा, न्त. मधल्या आणि शेवटच्या दोन्ही चौकोनांवरचे उभे शब्द बदलतात. 'देहांत' आणि 'देहान्त' यांचीही तीच गत. तत्सम शब्दांत अनुस्वाराऐवजी परसवर्ण (पुढच्या अक्षराच्या वर्गातले अनुनासिक, जसे 'न्त'मधला न्) लिहायला मुभा आहे, म्हणून कोड्याच्या डोक्यावरच एक ओळ छापा : 'अनुस्वार शक्य तिथे शीर्षबिंदूने दाखवला आहे.' मग अर्थभेदाचे असे जोडशब्द कोड्यात अजिबात घेऊ नका.

तुम्ही सोबत पाठवलेल्या उलटसुलट वाक्यांनाही हाच निकष लावा. 'ती होडी जाडी होती' आणि 'रामाला भाला मारा' दोन्ही बाजूंनी अक्षर न् अक्षर जुळतात. 'चिमा काय कामाची' ऐकायला जुळते, कागदावर मात्र चि आणि ची समोरासमोर येतात. तोंडी खेळात ते गोड आहे, छापील चौकटीत टाळा.

प्रश्न : दोन-तीन ठिकाणचे शब्द जमवून संगणकावर यादी केली आहे, एका ओळीत एक शब्द. 'ष' शोधला तर 'पक्षी' येतो, 'ञ' शोधला तर 'विज्ञान' येते आणि 'दऱ्या' हा शब्द यादीत असूनही सापडत नाही. (बंगळुरू)

उत्तर : पहिल्या दोन गोष्टींत संगणकाचे काही चुकलेले नाही. 'क्ष' साठवताना क, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), ष अशी तीन चिन्हे लागतात आणि 'ज्ञ'साठी ज, हलन्त, ञ. डोळ्यांना न दिसणारा ञ आत असतोच.

'दऱ्या'ची गोष्ट वेगळी आहे. हा अर्धा र तीन प्रकारे टंकला जातो आणि तिन्ही दिसतात अगदी सारखे : एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता (टिंब) आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. वेगवेगळ्या ठिकाणचे शब्द एकत्र केले की यादीत तिन्ही येतात आणि शोध त्यांतला एकच पकडतो. आधी दुसरा आणि तिसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्या. क्रम पाळा. अदृश्य जोडक सरसकट पुसून टाकले तर तिसऱ्या प्रकारातल्या दऱ्यांचा दर्या, म्हणजे समुद्र, होतो आणि मग कोणता शब्द मुळात कोणता होता हे यादी पाहून सांगता येत नाही. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांचीही अशीच सरमिसळ होते. र चा बदल पूर्ण झाल्यावर उरलेले अदृश्य जोडक आणि विजोडक पुसायला हरकत नाही. त्याच हाताने 'ॲ' एकसारखा करा, कारण तो कुणी एका चिन्हाने लिहितो, कुणी अ वर चंद्र देऊन. आणि 'दु:ख'मध्ये विसर्गाऐवजी विरामचिन्हातले दोन टिंब पडले आहेत का तेही पाहा. ही चूक मराठी मजकुरात फार आढळते.

यादी साफ झाली की प्रत्येक शब्द चौकोनांत तोडा. नियम एका ओळीचा आहे : शब्दाचे पहिले अक्षर सोडून पुढे व्यंजन किंवा स्वर आला आणि त्याच्या लगेच आधी हलन्त नसेल, तर तिथे आडवी रेघ. 'स्वातंत्र्य' होते स्वा-तं-त्र्य, 'पक्षी' होतो प-क्षी. आता 'रेघ आणि ष' असे शोधले की 'कष्ट' (क-ष्ट) आणि 'विषय' (वि-ष-य) मिळतात, 'पक्षी' वगळला जातो. चौकोनांची संख्या हवी असेल तर रेघा मोजा आणि त्यांत एक मिळवा.

तयार साधन वापरून तोडणार असाल तर ते युनिकोडच्या (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) कोणत्या आवृत्तीवर चालते ते बघा. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम १५.१ या २०२३ च्या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधने 'स्त्री'चे तीन तुकडे करतात.

एक बारकी गोष्ट. अशा यादीची साधी क्रमवारी लावली तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, 'क्षमा' क च्या शब्दांत आणि 'ॲ'ने सुरू होणारे शब्द 'ह'च्याही मागे. शाळेतल्या तक्त्याप्रमाणे शेवटच्या पानावर ळ, क्ष, ज्ञ शोधू नका.

प्रश्न : शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही कोश आहेत. 'काही', 'नाव', 'पाच' हे साधे शब्दसुद्धा त्यात सापडत नाहीत! (पुणे)

उत्तर : आहेत, पण जुन्या वेशात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आणि दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मधला. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. त्याआधीच्या कोशांत कांहीं, नांव, पांच असे शोधावे लागते. क्रियापदेही 'करणें', 'हंसणें' अशी, त्यामुळे शेवटी 'णे' असलेले शब्द मागितले तर हाती काही लागत नाही. 'णें' मागा. तिथून घेतलेला शब्द कोड्यात घालताना आजच्या रूपात आणायला विसरू नका.

प्रश्न : ऐ, औ आणि ष यांनी सुरू होणारे शब्द नेहमी संपतात. (नाशिक)

उत्तर : 'इक' प्रत्यय लावा. इतिहास-ऐतिहासिक, इच्छा-ऐच्छिक, उद्योग-औद्योगिक, उपचार-औपचारिक. 'य' लावून औदार्य, औचित्य, ऐश्वर्य, ऐक्य. घरगुती शब्द निराळे : ऐट, ऐन, ऐपत, ऐरण, ऐवज, ऐसपैस, औत, औक्षण, औदुंबर. ष चा साठा मुख्यतः 'षट्' म्हणजे सहा या एकाच मुळाचा आहे : षट्कोन, षड्ज, षड्रिपू, षण्मास, षष्ठी, षोडश.

प्रश्न : मुलांबरोबर इंग्रजी स्क्रॅबल खेळताना 'क्यू' हाती येते आणि 'यू' कधीच येत नाही. (न्यू जर्सी)

उत्तर : शंभर सोंगट्यांत क्यू एक, यू चार आणि कोऱ्या दोन, म्हणून असे वारंवार होते. पाठ करायचा पहिला शब्द दोन अक्षरी, क्यू-आय. उत्तर अमेरिकेच्या अधिकृत यादीत तो २००६ पासून आहे. पुढे क्यू-ए-टी. त्यानंतरचे आपल्या ओळखीचेच : फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर) आणि तलाक (टी-ए-एल-ए-क्यू). 'बुरखा' मान्य असला तरी त्यात यू लागतेच, फक्त क्यू च्या मागे नसते. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे जमिनीखालून खेळवलेला पाण्याचा पाट, छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर-ए-अंबरी त्याच जातीची. मंडपाच्या कनातीशी त्याची गल्लत करू नका. क्यू चे दहा गुण लांबलचक शब्दाच्या हव्यासाने धरून ठेवण्यापेक्षा क्यू-आय दोन दिशांनी लावून मोकळे व्हावे.

प्रश्न : गावांच्या नावांच्या भेंड्यांत 'ण' आणि 'ळ' आले की भांडण होते. नियम काय? (सातारा)

उत्तर : नेहमीच्या मराठीत ण आणि ळ यांनी शब्द सुरूच होत नाही, ळ तर स्वरानंतरच येतो. म्हणून रूढ तडजोड अशी की ण आला तर न घ्यावा आणि ळ आला तर ल. न ला नाशिक, नांदेड, नंदुरबार, निफाड, नेवासे. ल ला लातूर, लांजा, लोणार, लोणावळा, लासलगाव. ही सवलत खेळ सुरू होण्यापूर्वी जाहीर करा, कारण ती नसेल तर उरण, चाकण, पैठण, फलटण, कल्याण, मालवण, चिपळूण, कुडाळ, मोहोळ, भुसावळ यांतले एक नाव टाकून कुणीही डाव संपवू शकतो. डहाणूतला उकार आणि धुळ्यातली मात्रा सोडून नुसते ण आणि ळ धरायचे, हेही तेव्हाच ठरवा.

'ठ'ची अडचण कुणी आधी ओळखत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठवर ठाणे एकदा खर्च झाले की साताऱ्याजवळचे ठोसेघर हाताशी ठेवा. आणि खरी कोंडी ई ची आहे. मुंबई, वसई, वाई, अंबाजोगाई सगळी ई वर संपतात. इगतपुरी, इंदापूर, इचलकरंजी ऱ्हस्व असूनही चालतील असे ठरवले तर खेळ पुढे सरकतो. चालत नसतील, तर भूम तालुक्यातले 'ईट' जपून ठेवा. ते एकदाच वापरता येते.